एअर पिस्तूल की पॉइंट टू-टू? नव्याने नेमबाजीत येणाऱ्या महिलेने काय पाहावे

२८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि सहा दिवसांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात ती चौथी आली. दोन्ही वेळा पडद्यावर दिसले ते जवळपास सारखेच होते: एकाच हातात, खांद्याच्या उंचीवर धरलेले, लाकडी मुठीचे पिस्तूल. त्यामुळे रेंजवर चौकशीला येणाऱ्या अनेकींची, आणि त्यांच्या पालकांचीही, अशी समजूत असते की एअर पिस्तूल म्हणजे शिकाऊंचे हत्यार आणि पॉइंट टू-टू (२५ मीटर प्रकारात वापरले जाणारे, ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे पिस्तूल) म्हणजे त्याचाच पुढचा, ‘खरा’ नमुना. प्रत्यक्षात हे दोन स्वतंत्र क्रीडाप्रकार आहेत आणि ऑलिंपिकमध्ये तर महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार १९८४ मध्ये आधी आला, एअर पिस्तूल त्यानंतर १९८८ मध्ये. (स्वसंरक्षणासाठी बाळगायच्या पिस्तुलाचा विषय निराळा आहे, येथे फक्त खेळाचा विचार केला आहे.)

एअर पिस्तुलात दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सुटतो. आवाज टाळी वाजल्याएवढा असतो आणि धक्का जवळजवळ जाणवत नाही. पॉइंट टू-टू हे बारुदाचे काडतूस उडवणारे, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरायचे अर्धस्वयंचलित हत्यार आहे. त्याचा धक्का फार नसला तरी नळी दर गोळीला उचलली जाते आणि कानांवर संरक्षक लावल्याशिवाय ते चालवता येत नाही. नवख्या व्यक्तीच्या दृष्टीने धक्क्यापेक्षा आवाज अधिक त्रासदायक ठरतो, कारण आवाज होणार या अपेक्षेने शरीर गोळी सुटण्याच्या क्षणभर आधीच आक्रसते, मनगट खाली झुकते आणि नेम घड्याळातील सहाच्या दिशेने, म्हणजे सरळ खाली घसरतो. ही खोड एकदा अंगवळणी पडली की ती मोडायला महिने जातात. सुरुवात एअर पिस्तुलाने करावी, असे मी म्हणतो ते मुख्यतः याच कारणासाठी.

ट्रिगरचा फरक बाहेरून दिसत नाही, पण हाताला तो लगेच कळतो. नियमांनुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो, तर २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम. दुप्पट दाब देताना बाकीची बोटे मूठ आवळू लागतात आणि पुढची साईट (नळीच्या टोकावरचा, नेम धरण्याचा खुंट) हलते. तर्जनी एकटीच, सरळ मागे चालवण्याचे वळण हलक्या ट्रिगरवर आधी लागलेले असेल, तर जड ट्रिगर पुढे फारसा छळत नाही. उलट क्रमाने शिकणाऱ्यांना ५०० ग्रॅमचा ट्रिगर हाताला लागताच सुटून जातो.

लांबचे लक्ष्य अधिक अवघड, हा अंदाज मात्र सपशेल चुकतो. १० मीटरवरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते आणि २५ मीटरच्या अचूक नेमाच्या फेरीतील ५० मिलिमीटरचे. अंतराचा हिशेब केला तर लांबचे वर्तुळच डोळ्याला मोठे दिसते, आणि वेगवान फेरीत तर ते १०० मिलिमीटरचे होते. एअर पिस्तुलात ६० नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात. हवे तेव्हा हात खाली घ्यावा, श्वास घ्यावा, पुन्हा उचलावा. २५ मीटरमध्ये पहिले ३० नेम पाच-पाच मिनिटांच्या मालिकांत घ्यायचे असतात, आणि उरलेल्या ३० नेमांत, म्हणजे वेगवान फेरीत, लक्ष्य फक्त ३ सेकंदांसाठी खुले होते, ७ सेकंदांसाठी बंद होते, आणि प्रत्येक वेळी हात ४५ अंशांवरून वर आणावा लागतो. अचूकतेची कसोटी एअर पिस्तुलात अधिक कडक आहे, तर धाडसाने वेळेवर गोळी सोडण्याची २५ मीटरमध्ये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते या दुसऱ्या प्रकारात.

आता ‘महिलांसाठी योग्य’ या शब्दांकडे वळू. दुकानात बहुधा सर्वांत हलके पिस्तूल पुढे केले जाते. मला हा सल्ला पटत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल साधारण एक किलोच्या आसपास भरते (नियमांची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम, २५ मीटरसाठी १४००), आणि खांद्याचा व्यायाम सुरू ठेवला तर हे वजन कोणतीही निरोगी मुलगी किंवा प्रौढ महिला काही आठवड्यांत पेलू लागते. फार हलके पिस्तूल उलट अधिक थरथरते. अडचण येते ती मुठीची. पुरुषाच्या हाताच्या मापाची मूठ लहान पंजात नीट बसत नाही, तर्जनी ट्रिगरपर्यंत ताणावी लागते आणि दाब तिरपा पडतो. चांगल्या बनावटीच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत, डाव्या-उजव्या हातांसाठी वेगळ्या मिळतात आणि ट्रिगरही मागेपुढे सरकवता येतो.

माप जुळते का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. रिकाम्या, तपासून घेतलेल्या पिस्तुलावर मूठ धरावी, डोळे मिटून हात सुरक्षित दिशेने लक्ष्याकडे उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी आलेली असेल तर मूठ जुळली. ती सतत एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वळवून ती जुळवून घेऊ नये. मूठ कानशीने घासावी, किंवा बदलावी. नवे महागडे पिस्तूल आणि न जुळणारी मूठ यापेक्षा जुने पिस्तूल आणि जुळणारी मूठ केव्हाही बरी.

कायद्याची बाजूही निर्णायक आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला भारतात शस्त्रपरवाना लागत नाही, आणि स्पर्धेची एअर पिस्तुले या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. पॉइंट टू-टू मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येते: जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून परवाना, काडतुसांचा हिशेब आणि घरी कुलूपबंद साठवण, हे सारे ओघानेच आले. एअर पिस्तुलाचा घरी कोरा सराव, म्हणजे छर्रा न भरता भिंतीवरील कोऱ्या कागदासमोर ट्रिगर दाबण्याचा सराव, रोज करता येतो. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत त्यासाठी वेगळी कळच असते.

पहिले काही महिने क्लबचे पिस्तूल वापरावे, स्वतःचे घेऊ नये. स्पर्धेच्या दर्जाचे आयात एअर पिस्तूल लाखाच्या वर जाते आणि इतका खर्च करण्याआधी आपल्या हाताचे माप व आपला कल दोन्ही कळलेले असावेत. पॉइंट टू-टू हाताळायचे ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारक रेंजवरच, आणि तेही एअर पिस्तुलाचा गट (लक्ष्यावर जवळजवळ लागलेल्या छऱ्यांचा पुंजका) स्थिर होऊ लागल्यावर. स्वतःचे एअर पिस्तूल घेताना त्याच्या दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख जरूर वाचावी, कारण उत्पादकाने ठरवलेली मुदत, जी बहुधा दहा वर्षांची असते, संपलेले नळकांडे स्पर्धेच्या तपासणीत नाकारले जाते, आणि जुन्या पिस्तुलाच्या सौद्यात नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.