परदेशी जायचं ठरतंय? आधी नावाचं स्पेलिंग बघा

आमच्याकडे माणूस येतो तो बहुतेक वेळा ऑफर लेटर हातात घेऊनच, पंधरा दिवसांत जॉइन व्हायचंय म्हणतो, आणि फाईल उघडली की दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरंच. म्हणून हा कागद छापलाय. नोकरी लावणं आमचं काम नाही, व्हिसा मिळवून देतो असंही आम्ही सांगत नाही. कागदपत्रं जुळवायची, सही-शिक्के करून आणायचे, एवढंच करतो.

गोव्यात स्पेलिंगचा घोळ जरा जास्तच. पोर्तुगीज वळणाच्या दाखल्यांवर नाईकच्या शेवटी 'के' नाही तर 'क्यू-यू-ई', प्रभूंचं पोरोबो, शेणव्यांचं सिनाय, आणि 'श' असेल तिथे एक्स. गेल्या पावसात डिचोलीचा एक मुलगा आईला घेऊन आला, दुबईच्या हॉटेलात काम मिळालं होतं. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं आडनाव क्यूवालं, बाकी सगळीकडे केवालं. आई म्हणाली, "अहो, वाचताना नाईकच वाचतात ना!" आम्ही म्हटलं, बाई, आपण वाचतो, व्हिसा तपासणारा अक्षरं मोजतो. दुरुस्ती होईस्तोवर ती जॉइनिंगची तारीख गेली, नशीब कंपनीने पुढची दिली. लक्षात ठेवा, नाव-आडनाव बदलायला गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, नुसतं अॅफिडेव्हिट करून प्रत्येक वेळी भागत नाही.

बायकोला बरोबर न्यायचं असेल तर लग्नाचा दाखलाही आत्ताच काढून बघा. लग्न देवळात लागलं, हॉलमध्ये जेवणावळी उठल्या, पण सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्न नोंदवायची दुसरी सही राहूनच गेली अशी जोडपी आम्ही बघितलीत, दोन पोरं झाली तरी दाखला नाही.

आता शिक्के. अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारून घ्यायचा एकच सरकारी शिक्का, कुठे चालतं आणि कुठे नाही हे देशावर आहे. पोर्तुगाल, इंग्लंडला चालतं, कॅनडाही २०२४ च्या जानेवारीपासून त्यात आलाय. यूएई, कतार, कुवेतला मात्र चालत नाही, तिथे आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या एम्बसीचा, अशी रांग आहे आणि मधला एक जरी चुकला तर परत पहिल्यापासून. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, वरचा खर्च एजन्सीचा, कुरियरचा आणि आमचा. तो बिलात वेगवेगळा लिहून देतो, विचारायला लाजू नका.

पोर्तुगीज पासपोर्टबद्दल रोज कोणी ना कोणी विचारतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा जन्म लिस्बनला नोंदवून तो मार्ग निघतो हे खरं, पण आम्ही दोन गोष्टी आधीच सांगतो. एक म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) मिळू शकतं, पण मत देता येत नाही, शेत किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे तो पासपोर्ट घेऊन थेट इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन काम धरायचे दिवस ३१ डिसेंबर २०२० ला संपले, आता इंग्लंडात राहून काम करायला व्हिसा लागतो. पोर्तुगाल-फ्रान्सला चालतो, पण तिथे भाषा शिकायची तयारी आहे का ते घरी बोलून या.

गल्फला एजंटामार्फत जात असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे रजिस्टर्ड आहे का ते ई-मायग्रेट साइटवर बघा. त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घ्यायचा अधिकार नाही, आणि घेतलेल्याची पावती द्यायला लागते. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करू" म्हणाला की उठून या. दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे गल्फला कामासाठी जायला सरकारचं वेगळं क्लिअरन्स लागतं. बोटीवर जाणाऱ्यांचं तर त्याहून सरळ आहे, बोटीवर लावायचे म्हणून एजंटाने खलाशाकडून पैसे घ्यायचेच नाहीत, त्याचे पैसे कंपनी देते. कोर्स, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) यांचा खर्च वेगळा, तो सगळा एकाच आकड्यात घुसवून सांगत असेल तर सुटा करून मागा.

शिकायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: जर्मनीला एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) लागतं, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवायला सांगतात, हे जानेवारीत बापाला कळण्यापेक्षा आदल्या गणपतीत कळलेलं बरं. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगीच फार आधी देऊन ठेवू नका.

जायच्या निदान सहा महिने आधी एक चक्कर मारा, ऑफर नसली तरी चालेल. येताना पासपोर्ट, जन्मदाखला, दहावी-बारावीची आणि डिग्रीची सर्टिफिकेटं, लग्न झालं असेल तर तो दाखला, सगळे ओरिजिनल आणा. समोर बसून जुळवून बघतो आणि तिथल्या तिथे परत देतो, ठेवून घेत नाही. पहिल्यांदा बघायचे पैसे नाहीत. दुपारी एक ते तीन ऑफिस बंद असतं, तेवढं सांभाळून या, बाहेर उन्हात बसायला जागा नाही.