रंगबदल, शोभिवंत माशांतील

रंगबदल, शोभिवंत माशांतील : काचेच्या टाकीत पाळलेल्या माशाच्या अंगावर नेहमीपेक्षा वेगळा रंग, डाग, ठिपके वा फिकेपणा दिसू लागल्यास तो आजार आहे की वय, वीण, आहार, प्रकाश यांचा स्वाभाविक परिणाम आहे, हे ठरविण्याची रीत. प्रस्तुत नोंद गोड्या पाण्यातील माशांपुरती असून पाणी व हवामान यांचे संदर्भ कोल्हापूर शहराचे आहेत.

माशाचा रंग त्वचेतील रंगद्रव्यपेशींमुळे दिसतो. काळसर कृष्णपेशी, पिवळ्या पीतपेशी, तांबड्या रक्तवर्णी पेशी आणि रुपेरी चकाकपेशी हे त्यांचे मुख्य प्रकार. चकाकपेशींत रंगद्रव्य नसते. त्यांतील ग्वानिन या पदार्थाच्या चपट्या स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि निऑन टेट्रा या लहान माशाचा निळा पट्टा त्यातूनच दिसतो. कृष्णपेशीला फांद्या असतात. तिच्यातील मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे कण मध्यभागी गोळा झाले की मासा फिकट दिसतो, फांद्यांत पसरले की गडद. ही हालचाल मज्जातंतू आणि संप्रेरके घडवून आणतात आणि ती काही मिनिटांत पूर्ण होते. याला शरीरक्रियात्मक रंगबदल म्हणतात. पेशींची संख्याच कमीजास्त होते तेव्हा रंग बदलायला आठवडे वा महिने लागतात. तो रचनात्मक रंगबदल. त्यामुळे निदान करताना ‘रंग कोणता’ यापेक्षा ‘किती वेळात बदलला’ हे आधी विचारणे अधिक उपयोगी ठरते.

या यंत्रणेचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज पूशे याने १८७० च्या दशकात दाखवून दिले, की चपट्या समुद्री माशाची दृष्टी गेली की तळाप्रमाणे रंग बदलण्याची त्याची क्षमताही जाते. मधमाश्यांवरील संशोधनासाठी पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या कार्ल फोन फ्रिश याने १९११ च्या सुमारास मिनो या लहान माशावर प्रयोग केले आणि त्वचा फिकट करणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग शोधून काढला. हे प्रयोग मासे पाळणाऱ्यालाही थेट उपयोगी आहेत. कळपातील एकच मासा कायम काळपट राहत असेल, खात असेल पण खाद्य शोधताना चाचपडत असेल, तर त्याचे डोळे तपासावेत. आंधळ्या माशाला पार्श्वभूमी दिसत नाही, म्हणून त्याच्या कृष्णपेशी पसरलेल्याच राहतात. अंगाचा ठरावीक भागच, सरळ रेषेत कापल्यासारखा, एकाएकी काळा पडला, तर त्या भागाच्या मज्जातंतूला इजा झाल्याची शक्यता अधिक असते. या दोन्ही प्रकारांत बुरशीचे औषध ओतून काहीही साधत नाही.

गोल्डफिशच्या बाबतीत ‘वेगळा रंग’ म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागते, कारण त्याचा परिचित केशरी रंग हाच मुळात एक उत्परिवर्तित (जनुकातील बदलाने आलेला) रंग आहे. त्याच्या रानटी पूर्वजाविषयी मतभेद होते. काहींनी तो कॅरासियस गिबेलिओ मानला; जनुकीय पुराव्यांचा कल मात्र दक्षिण चीनमधील कॅरासियस ऑराटसकडे आहे आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तांबूस माशांचे चिनी उल्लेख जिन राजवटीपर्यंत (२६५–४२०) मागे नेले जातात. पद्धतशीर पैदास मात्र सुंग काळात (९६०–१२७९) सुरू झाली असावी. जपानमध्ये तो सोळाव्या शतकाच्या आरंभी आणि युरोपात बहुधा सतराव्या शतकात पोचला. रानटी वर्ण मात्र संपलेला नाही. बहुतेक प्रत्येक पिल्लू हिरवट-तपकिरी जन्मते आणि पहिल्या काही महिन्यांत कृष्णपेशी नष्ट होत गेल्या की केशरी होते. दुकानातून आणलेल्या लहान गोल्डफिशच्या पाठीवर वा पंखांच्या कडांना काळे राहिलेले असते, ते बहुधा याच क्रियेचे उरलेले टोक असते. काही मासे पुढे पांढरेही होतात. काळा मूर हा काळ्या रंगाचा गोल्डफिश मोठा झाल्यावर, विशेषतः कोमट पाण्यात, ब्राँझसारखा दिसू लागतो. तोही आजार नव्हे.

याच्या उलट प्रौढ, पूर्ण केशरी गोल्डफिशवर नव्याने काळे डाग येतात, त्यांविषयी मासे पाळणाऱ्यांत मोठा वाद आहे. अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येत असल्याची ही खूण, असे एक मत. तापमान वा आनुवंशिकता हे कारण, असे दुसरे. माशाच्या भरत आलेल्या जखमेकडे कृष्णपेशी सरकतात ही गोष्ट सर्वमान्य आहे. त्यामुळे इजा कशानेही झालेली असो, सपाट काळा डाग हा बऱ्याचदा बरे होण्याचा टप्पा समजणे योग्य ठरेल. तरीही पाण्यातील अमोनिया व नायट्राइट मोजून घ्यावे. दोन्ही शून्य असायला हवेत. नसतील तर डागाचा वाद बाजूला ठेवून पाणी बदलावे. उघड्या तळ्यातून आणलेल्या माशावरील उंचवट्यासारखे, टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके मात्र वेगळे. ते पर्णकृमी या परजीवीच्या डिंभाभोवती (बाल्यावस्थेभोवती) जमलेले मेलॅनिन असते. या कृमीला गोगलगाय आणि मासे खाणारा पक्षी हे दोन्ही लागतात, म्हणून घरातल्या टाकीत तो पसरत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांबाबत सर्वाधिक चुका होतात. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होणारा ‘व्हाइट स्पॉट’ हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी यांनी १८६९ मध्ये नोंदविला. आजचे नाव फुके याने १८७६ मध्ये दिले. याचे ठिपके रव्याच्या कणाएवढे, फार तर १ मिमी. असतात, पंखांवर व अंगावर कुठेही विखुरलेले असतात आणि दिवसागणिक वाढतात. मासा दगडावर अंग घासतो, कल्ले जोरात हलवितो. नर गोल्डफिशवर विणीच्या काळात येणारे पुटकुळ्यांसारखे उंचवटेही पांढरेच असतात, पण ते कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पंखाच्या पुढच्या जाड काट्यावर ओळीने येतात. बाजूने पाहिल्यास ते एकसारख्या आकाराचे दिसतात, आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात आणि मासा खाऊनपिऊन तरतरीत असतो. हिवाळा सरून पाणी तापू लागले की हे दिसू लागते. नेमक्या याच दिवसांत व्हाइट स्पॉटही आढळतो, त्यामुळे घोटाळा होतो. जागा आणि मांडणी पाहिल्याशिवाय औषधाची बाटली उघडू नये. मिथिलीन ब्लू हे औषध फिल्टरमधील, अमोनिया पचविणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही मारते आणि मग निरोगी माशावर अमोनियाचे खरे संकट ओढवते.

व्हाइट स्पॉटचा परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली असेपर्यंत औषध त्याला पोचत नाही. पिकून गळून पडल्यावर तो तळाशी विभागतो, शेकडो पोहणारी पिल्ले सोडतो आणि औषध लागू पडते ते या पिल्लांवरच. हे चक्र २५° से. ला साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, तर १०° से. च्या आसपास महिनाही उलटतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार लगेच थांबवीत नाहीत.

सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखा थर पिसिनुडिनियम या परजीवीमुळे येतो. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत माशावर तिरका टाकावा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, तिरक्या उजेडात खवल्यांवर पिवळट धूळ चमकते. सोनेरी गौरामी वा पिवळ्या गप्पीवर ही खूण हमखास सुटते. दुधी-निळसर पापुद्रा म्हणजे श्लेष्म (अंगावरील बुळबुळीत स्राव) वाढल्याची खूण; त्यामागे क्लोरीन असेल किंवा अतिसूक्ष्म परजीवी. पंखांत रक्ताच्या रेघा, पोटावर लाली आणि सुस्ती एकत्र आल्यास जिवाणूंचा संसर्ग गृहीत धरावा.

निऑन टेट्रा रात्री फिका पडतो व दिवा लावल्यावर थोड्या वेळात रंग परततो. दोन्ही बाजूंना सारखा असणारा हा फिकेपणा निर्धोक आहे. शेपटीकडच्या तांबड्या पट्ट्यात मधेच पांढुरका खंड पडला आणि तो दिवसाही तसाच राहिला, तर प्लिस्टोफोरा हायफेसोब्रायकोनिस या परजीवीचा संशय घ्यावा. शेपरक्लॉस याने १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. खात्रीचा इलाज नाही. मासा ताबडतोब वेगळा करावा. महिनोन्‌महिने हळूहळू उतरत जाणारा तांबडा रंग मात्र बहुधा खाद्याचा प्रश्न असतो. तांबडी-पिवळी कॅरोटिनॉइडे माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला खाद्याचा डबा सादळतो आणि त्याचा कस उतरतो.

त्वचेपेक्षा कल्ल्यांचा रंग अधिक विश्वसनीय. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट गुलाबी असल्यास रक्तक्षय, चॉकलेटी असल्यास नायट्राइटची विषबाधा, कारण नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनाचे, प्राणवायू वाहून न नेणाऱ्या मेटहिमोग्लोबिनात रूपांतर करते. मासा हातात न घेता, तो श्वासासाठी झाकण उघडतो तेव्हा किंचित मागून पाहावे.

कोल्हापुरात ऋतू आणि नळ या दोन गोष्टींमुळे रंगबदलाच्या तक्रारी वाढतात. शहराला पंचगंगा, कळंबा तलाव आणि आता काळम्मावाडी धरणाचे पाणी मिळते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन अधिक वापरावे लागते. अशा वेळी पाणी थेट टाकीत न घालता क्लोरीन काढूनच घालावे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला होता. अशा दिवसांत बोअरचे जड पाणी एकदम भरल्यास मासे फिके पडतात. डिसेंबर–जानेवारीत रात्री पारा १५° से. च्या आसपास उतरतो व दुपारी चांगले ऊन पडते. खिडकीजवळच्या लहान टाकीला हा चढउतार पुरता जाणवतो. फायटर (बेटा) माशाच्या अंगावर आडव्या रेघा उमटतात आणि हीटर लावल्यावर त्या विरतात.

पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवल्याशिवाय नवा मासा मुख्य टाकीत सोडू नये. प्रवासात फिका पडलेला मासा एकदोन दिवसांत रंग धरतो; न धरल्यास आधी पाणी, मग कल्ले आणि शेवटी त्वचा तपासावी. पारदर्शक ग्लासफिशच्या अंगावर झगझगीत गुलाबी वा हिरवी रेघ दिसल्यास ती सुईने टोचलेल्या रंगाची असते. अशा माशांत लिम्फोसिस्टिस या विषाणूजन्य गाठी अधिक आढळल्या आहेत. हा प्रकार क्रूर असून असे मासे विकत घेऊ नयेत.

कोल्हापूर जिल्ह्यातील नद्यांतही टाकीत ठेवण्याजोगे लहान बार्ब मासे आहेत. हिरण्यकेशी नदीतील पेथिया लाँगिकौडा या जातीचे वर्णन २०१४ मध्ये झाले. या गटातील नरांचा वर्ण विणीच्या काळात गडद होतो व नंतर उतरतो.