तोडफोडीचाही खर्च

‘पेशी आतून स्वच्छ, ऊर्जा दुप्पट’ अशी एन्झाइमच्या पावडरीची जाहिरात हल्ली फोनवर सारखी येते. एन्झाइम, म्हणजे आपली शाळेतली विकरं, ही स्वतः प्रथिनंच. गिळली की बहुतेक सगळी पचून जातात. पेशीत शिरून झाडलोट वगैरे करत नाहीत. नको असलेली प्रथिनं मोडण्याची ती झाडलोट पेशी स्वतःच करते, तीही पदरचे एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन असलेले रेणू, मोजून.

यातच खरी गंमत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ती तोडायला ऊर्जा लागायचं कारण नाही, उलट थोडी सुटतेच. कच्च्या पपईतलं पपेन हे विकर मटण फुकटात मऊ करून देतं. तरीही १९५३ साली यकृताच्या कापांवरच्या प्रयोगांत दिसलं, की पेशीचं ऊर्जा मिळवणं रोखलं की प्रथिनांचं विघटनही मंदावतं. असं का, हे कळायला पुढे पाव शतक लागलं. इस्रायलमधल्या हायफाच्या टेक्निऑन या संस्थेतले हर्श्को आणि सिएखानोव्हर, सोबत अमेरिकेतले रोझ, यांनी सशाच्या अपक्व लाल पेशींच्या अर्कातून ते कोडं सोडवलं. २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच.

नको असलेल्या प्रथिनाला आधी युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चिकटवलं जातं. तीन प्रकारची विकरं ओळीने हे काम करतात आणि पहिल्याच पायरीला एटीपी खर्ची पडतो. चारेक युबिक्विटिनांची माळ झाली की प्रोटिओसोम ते प्रथिन पकडतो. हे एक पोकळ नळकांडं, सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेली. कापणाऱ्या जागा सगळ्या आत, आणि दार इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन शिरणारच नाही. दाराशी आणखी एक कडं असतं, सहा घटकांचं. एटीपी फुटला की घटकाचा आकार बदलतो, साखळी थोडी आत ओढली जाते. मग पुढच्याची पाळी. अशी घडी उलगडत, सुईच्या नेढ्यात दोरा ओवावा तशी साखळी आत सरकते आणि तिचे तुकडे पडतात. युबिक्विटिन तेवढं दारातच सोडवून पुन्हा वापरलं जातं.

म्हणजे ऊर्जा जाते ती निवडण्यात आणि उलगडण्यात. पपेनला निवड नाही, म्हणून खर्चही नाही.

मल्टिपल मायलोमा या कर्करोगातल्या पेशी प्रथिनं भरमसाट बनवतात. बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिओसोमच्या आतल्या कापणाऱ्या जागाच अडवतं. मग न मोडलेली प्रथिनं साचतात आणि त्या पेशी मरतात.