‘जेवलास का?’ की ‘जेवण केलंस का?’

“जेवण केलंस का?”
“केलं की. आता जेवायला बसतेय.”

विचारणारी विदर्भातली, उत्तर देणारी तळकोकणातली. एकीच्या बोलीत ‘जेवण करणे’ म्हणजे जेवणे, दुसरीच्या बोलीत रांधणे. वाद आहे तो या दोन शब्दांचाच.

मुळात ‘जेवणे’ हे एकटंच पुरेसं क्रियापद. संस्कृत ‘जेमन’, प्राकृत ‘जेमइ’ या घराण्यातलं. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसा इथेही ‘म’ जाऊन ‘व’ आला. गुजरातीने ‘जमवुं’मध्ये आणि हिंदीने ‘जीमना’त तो ‘म’ जपला. तिकडची जमणवार ती आपली जेवणावळ. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या गद्यात चक्रधरस्वामींच्या जेवणाला मात्र ‘आरोगणा’ म्हणत. मानाच्या माणसासाठी वेगळा शब्द काढायची ही खोड जुनीच. आज लग्नपत्रिकेत ‘भोजन’ छापतो ते त्यातलंच.

‘खाणे’ आणि ‘जेवणे’ यांतलं अंतर सांगायला नकोच. एकादशीला ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी चापूनही माणूस बिनदिक्कत म्हणतो, “आज मी जेवत नाही.” व्याकरणही वेगळं: त्याने भात खाल्ला, पण तो भात जेवला. इथे ‘ने’ लागत नाही. लहान मुलं ‘दादाने जेवलं’ म्हणतात तेव्हा ती ‘खाल्लं’चा नियम लावत असतात, आणि तर्क म्हणून तो चुकीचाही नाही.

आता ‘जेवण केलं’. खाणे या अर्थाने ते वापरलं की पुण्याकडचे लोक नाक मुरडतात आणि ‘भोजन किया’चं भाषांतर म्हणून मोकळे होतात. हे निदान घाईचं वाटतं. आंघोळ करणे, नाश्ता करणे, फराळ करणे अशी नामाला ‘करणे’ जोडायची रीत मराठीचीच आहे. त्याच रांगेत जेवणही बसतं. शिवाय विदर्भ-मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या असंच बोलतात, त्यांना अशुद्ध ठरवणारे आपण कोण? तरीही माझा कल ‘जेवलास का’कडेच आहे. तिथे घोटाळ्याला जागा नाही. ‘जेवण बनवलं’ची गोष्ट निराळी. ‘खाना बनाया’ त्यात सरळ दिसतं, आणि ‘स्वयंपाक’सारखा शब्द हाताशी असताना त्याची गरज कळत नाही. रात्रीच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणण्याबद्दल मात्र फारशी तक्रार नको, कारण ‘जेवण’ या शब्दात वेळ नाहीच. ‘रात्रीचं’ वेगळं जोडावं लागतं.

मधला मार्ग म्हणून ‘जेवण झालं का?’ सुचवतात. तेही दुहेरीच. साडेअकराला ओट्यापाशी विचारलं तर कुकर उतरला का, आणि दोनला ओसरीवर विचारलं तर हात धुतला का.