५७ 'डेल'च्या कळा कोणी मोजल्या?

मातृदिन आला की तो मेसेज हमखास फिरतो: माणूस जास्तीत जास्त ४५ 'डेल' वेदना सोसू शकतो, बाळंतपणात मात्र ५७ डेल होतात, म्हणजे एकाच वेळी २० हाडं मोडल्यासारख्या. (४५ ही कमाल असेल, तर ५७ सोसल्या कशा?)

'डेल' नावाचं एककच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी कपाळावर उष्णतेचा झोत टाकून 'डोल' हे एकक मांडलं होतं खरं, पण त्याची पट्टी साडेदहालाच संपायची. इतरांना तसे आकडे मिळेनात, म्हणून तेही मागे पडलं.

मुळात वेदना तापासारखी थर्मामीटर लावून मोजता येत नाही. नसा इजेची वर्दी देतात. ती किती दुखणार हे मेंदूत ठरतं, आणि त्यात भीती, जुना अनुभव, झोप, अगदी उशाशी कोण बसलंय हेही येतं. म्हणून डॉक्टर '० ते १० मध्ये किती दुखतंय?' असं आपल्यालाच विचारतात. बाळंतकळा बहुतेकींना भयंकर वाटतात, काहींना तितक्या नाही. एकाच बाईच्या पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतही फरक पडतो.