चारशे वॅट आणि खारं पाणी

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओ केंद्रांचा, विषय निघाला की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सेट किती वॅटचा?" कॉन्टेस्टमध्ये वर यायचं तर दणदणीत लिनिअर हवा, ही समजूत व्हिडिओ बघून बघून पक्की झाली आहे. लिनिअर म्हणजे सेटची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. परवडत असेल तर जरूर घ्या. पण गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजूला राहत असाल, तर दाराशी पसरलेला खाऱ्या पाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर आधी वापरून बघा. त्याचं वीजबिल येत नाही.

'सीक्यू वर्ल्ड वाइड' या मोठ्या स्पर्धेचा आवाजी भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. जगभरातली जास्तीत जास्त केंद्रं गाठायची, प्रत्येकाला 'फाइव्ह नाइन ट्वेंटी टू' सांगायचं (फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि जोरात येतोय, २२ हा स्पर्धेसाठी पाडलेल्या जगाच्या विभागांतला आपल्या विभागाचा क्रमांक) आणि पुढच्याकडे वळायचं. दुसऱ्या खंडातल्या केंद्राचे ३ गुण, जपानसारख्या आशियातल्याच देशाचा १, भारतातल्या भारतात शून्य. या गुणांना प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या ठरावीक पट्ट्यावर, गाठलेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणायचं. त्यामुळे आपला खेळ मुख्यतः युरोपच्या दिशेने चालतो.

स्पर्धेतल्या हाय पॉवर गटाची मर्यादा १५०० वॅट. आपल्या जनरल ग्रेडच्या परवान्यावर ४००. हे ऐकून लोक खचतात. पण समोरच्याच्या रिसीव्हरवर येणाऱ्या लहरीचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर एक खूण वर चढायला ताकद चौपट लागते, म्हणजे ६ डेसिबल (ताकद किती पट वाढली ते मोजायचं एकक). १०० वरून ४०० वर गेलात, एक खूण. ४०० वरून १५०० वर गेलात, एक खूणही पुरती नाही. गर्दीत तेवढीही कामाला येते, विशेषतः एकाच फ्रीक्वेन्सीवर ठाण मांडून बसायचं असेल तेव्हा. मात्र लिनिअरने तुमचा आवाज वाढतो, तुमचे कान नाहीत. अँटेना दोन्ही वाढवते.

रत्नागिरीहून जर्मनी सुमारे साडेसहा-सात हजार किलोमीटर. लहरी जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातल्या, एफ थरावर वळून खाली येतात. अगदी तिरप्या, क्षितिजाला लागून निघाल्या तर एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर जातात, दोन उड्यांत युरोप. चढ्या कोनाने निघाल्या तर उड्या वाढतात आणि दर उडीला थोडी ताकद गळते. म्हणून ५ ते १० अंशांतली ऊर्जा सगळ्यात मोलाची.

उभ्या अँटेनापासून, म्हणजे व्हर्टिकलपासून, दूरवर दोन लहरी पोचतात. एक सरळ निघालेली, दुसरी समोरच्या जमिनीवर आपटून उठलेली. दोघींच्या बेरजेवर सगळं ठरतं. झोपाळ्याला दोघांनी एका तालात रेटलं तर तो चढतो, एकाने उलट वेळी रेटलं तर थांबतो. साध्या जमिनीवर २० मीटर तरंगलांबीच्या बँडला हा ताल साधारण १५ अंशांच्या खाली बिघडतो. परावर्तित लहर उलटी होऊन येते आणि सरळ लहरीला खाते. या सीमेला आभासी ब्रूस्टर कोन म्हणतात. तो ठरतो समोरच्या पृष्ठभागाच्या वाहकतेवर (त्यातून वीज किती सहज वाहते) आणि पारवैद्युतांकावर (विद्युत क्षेत्राला तो कसा प्रतिसाद देतो). समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, साधारण मातीची त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि कोरडा जांभा त्याहूनही गरीब. खाऱ्या पाण्यावर हा कोन एक अंशाच्याही खाली सरकतो, म्हणून ५ अंशांवरही दोन्ही लहरी एकमेकींत मिळतात. फायदा सात-आठ डेसिबलचा, म्हणजे ताकद पाच-सहा पट. पुळणीवरचा १०० वॅटचा सेट युरोपच्या दिशेला कातळावरच्या ५०० वॅटच्या तोडीस तोड.

आडव्या याग्गीला, म्हणजे एका दिशेला रोखलेल्या अनेक आडव्या कांड्यांच्या अँटेनाला, खारं पाणी फारसं काही देत नाही. तिची परावर्तित लहर तिरप्या कोनात कुठेही उलटीच येते, म्हणून तिला उंच टॉवर लागतो. १९९०च्या दशकात 'टीम व्हर्टिकल' नावाच्या गटाने जमैकाच्या किनाऱ्यावर, पाण्याच्या काठाला साध्या उभ्या अँटेना रोवून मोठ्या स्पर्धा गाजवल्या होत्या.

आता सह्याद्री. "मागे डोंगर, जपान कसा लागणार?" रत्नागिरीहून घाटमाथा पन्नास-साठ किलोमीटर दूर आणि उंचीला हजारेक मीटर. क्षितिजावर त्याने अडवलेला कोन जेमतेम एक अंश. अडवतो तो घरामागचा डोंगर आणि समोरचा जांभा. त्याहून जास्त त्रास दिवाळीच्या माळांचा. स्वस्त एलईडी माळांचे अ‍ॅडॉप्टर सगळ्या बँडवर भणभण भरतात. २०२५ची स्पर्धा तर दिवाळीच्याच आठवड्यात, माळा उतरायच्या आत आली.

वाडीतले लोक वेगळंच विचारतात: "तुमच्या रेडिएशननं नारळ गळतात म्हणे?" नाही. कोवळी फळं गळण्यामागे पाण्याचा ताण, खताची उणीव, कोळी कीड अशी कारणं असतात. या लहरींत अणू-रेणू फोडण्याइतकी ऊर्जा नसते. मात्र चालू अँटेनाला हात लावलात तर भाजतं, हे खरं आहे. पोरं खेळतात तिथे कुंपण घाला.

खाऱ्या हवेचा खरा मार खातात ती जोडणी. महिन्याभरात तांबं हिरवं पडतं, केबलच्या आत ओल शिरते. जास्त ताकदीत अँटेनाच्या टोकाशी व्होल्टेज प्रचंड असतं. तिथल्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला की रात्री बोलायला लागताच निळी ठिणगी सळसळते आणि मीटर वेडावाकडा नाचतो. गोड्या पाण्याने धुवा, सांध्यांवर स्वतःहून चिकटणारी रबराची पट्टी घट्ट गुंडाळा.

ओहोटीला पाणी लांब गेलं तरी बिघडत नाही, खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळूही बऱ्यापैकी काम देते. काठापासून एखाद्या तरंगलांबीच्या आत, म्हणजे २० मीटर बँडला वीसेक मीटरच्या आत राहा. सुरूच्या बनापलीकडे, घराच्या अंगणात अँटेना रोवून समुद्र नुसता ऐकू येत असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. उधाणाची भरती कुठवर येते ते मात्र रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारून मगच खुंट्या ठोका.