आधी ‘मान्यताप्राप्त’, मग परीक्षा: आशांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

आशा कोण आणि ती काय करते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण गावातल्या एका बाईला आरोग्याचं काम किती शिकवायचं आणि कुणी, हा वाद आशा योजनेच्या बराच आधीपासून चालू आहे. दर वेळी त्याचं उत्तर तिला काय नावाने हाक मारायची यावर अडकलं.

चीनचे अनवाणी डॉक्टर (थोडं प्रशिक्षण घेऊन गावातच उपचार करणारे गावकरी) आणि प्राथमिक आरोग्यसेवेवर भर देणारी १९७८ची अल्मा-आटाची आंतरराष्ट्रीय घोषणा हे दोन दाखले नेहमी दिले जातात. आपल्याकडे त्या घोषणेची कुणी वाट पाहिली नव्हती. सत्तरच्या दशकात जामखेड परिसरात गावांनी निवडलेल्या बायका शिकायला लागल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच निरक्षर. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर मुक्कामाला यायच्या, गावात काय दिसलं ते सांगायच्या आणि त्यातूनच पुढचा पाठ निघायचा. हे शिकणं ‘पूर्ण झालं’ असं कधी जाहीर करण्याची गरज पडली नाही.

गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची सरकारी योजना आली २ ऑक्टोबर १९७७ला. हजार लोकवस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये विद्यावेतन आणि नंतर महिना ५० रुपये मानधन. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीपर्यंत योजना पोचलीच नाही. पण तिचा खरा घोळ नावाचा. सुरुवातीला ‘कार्यकर्ता’, थोड्याच वर्षांत ‘स्वयंसेवक’, मग ‘मार्गदर्शक’. काम तेच, माणूस तोच, पाटी तेवढी बदलत गेली. कार्यकर्ता म्हटलं की उद्या नोकरीचा हक्क सांगेल, ही धास्ती त्यामागे होती असं मानलं जातं. धास्ती खरी ठरली म्हणा, कारण नाव बदलूनही हे लोक संघटित झाले आणि न्यायालयात गेले. योजना मात्र हळूहळू वाळत गेली.

२००५मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली तेव्हा हा सगळा इतिहास योजनाकारांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून या वेळी बाई, तीही त्याच गावची, शक्यतो आठवी शिकलेली. आणि म्हणूनच पगार नाही, कामागणिक मोबदला. प्रशिक्षण २३ दिवसांचं, तेही वर्षभरात पाच टप्प्यांत वाटलेलं: पहिला टप्पा सात दिवसांचा, पुढचे चार प्रत्येकी चार दिवसांचे. १९७७च्या तीन महिन्यांशी ताडून पाहिलं तर हा आकडा डोळ्यांत भरतो. काम वाढलं, शिकवण्याचे दिवस घटले.

आता नावाकडे पुन्हा येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. आशा (Accredited Social Health Activist) या इंग्रजी लघुरूपातलं पहिलं अक्षर ‘मान्यताप्राप्त’साठी आहे आणि शेवटचं ‘कार्यकर्ती’साठी. मराठी सरकारी कागदांत मात्र ती ‘आशा स्वयंसेविका’ झाली. अंगणवाडीतली ती ‘सेविका’, ही ‘स्वयंसेविका’. दोन अक्षरांचा फरक, पण त्या ‘स्वयं’मध्ये वेतनश्रेणीचा प्रश्नच मिटवून टाकला आहे. ‘मान्यताप्राप्त’ची तर आणखी गंमत. नावात मान्यता २००५पासून आहे, पण परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहायला पुढे जवळपास दहा वर्षं लागली. तोवर मान्यता कुणी आणि कशाच्या आधारावर दिली होती, याचं उत्तर कुणाकडे मागायचं?

मधल्या काळात शिकवण्याचा दर्जा सुधारला तो गडचिरोलीमुळे. तिथल्या खेड्यांत आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवल्याचे निष्कर्ष १९९९मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११मध्ये आशांच्या कामात ही गृहभेटींची पद्धत आली. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. त्यासाठी आणखी २० दिवसांचं प्रशिक्षण.

या प्रशिक्षणात पहिल्यांदाच हाताला काम मिळालं. झोळीच्या काट्यावर बाहुली ठेवायची, काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वजन वाचायचं. घड्याळ लावून श्वास मोजायचे, तेही पूर्ण एक मिनिट, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही आणि अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली की फसगत होते. शांत बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेच आलं तर दवाखाना. फळ्यावर लिहून हे येत नाही.

एक गोष्ट मात्र गडचिरोलीतच राहिली. तिथे आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देत, आशांच्या पेटीत ते आलं नाही. सुरक्षिततेचं कारण दिलं गेलं आणि ते अगदीच पोकळ नाही. पण सुई हातात दिली की तिला स्वयंसेविका म्हणत राहणं अवघड झालं असतं, हेही विसरू नये.

शिवाय उतरंड आहेच. राज्याचे प्रशिक्षक जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे आशांना. दर पायरीवर सराव थोडा गळतो आणि वाचून दाखवणं वाढतं. मधेच नेमलेल्या नवीन आशेची पंचाईत वेगळी. तुकडी भरेपर्यंत तिचं प्रशिक्षण लागत नाही, पण सर्वेक्षणाची वही पहिल्या आठवड्यातच हातात येते. मग ती आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना किंवा शेजारच्या गावच्या जुन्या आशेला विचारत शिकते.

२०१३मध्ये भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी सेविका अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि कामाच्या तोलाचं वेतन या गोष्टी एकत्र मांडल्या आणि फक्त कामागणिक मोबदल्यावर भिस्त ठेवू नका असंही म्हटलं. करोनात ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन आशा दारोदार फिरल्या, आणि जून २०२१मध्ये महाराष्ट्रात संपावर गेल्या. मोबदला वाढला, पण शासकीय कागदांत नाव ‘स्वयंसेविका’ असंच राहिलं.